आप्पांच्या रेघेवरची मशीन

मी काकूंची हाताने फिरवायची शिलाई मशीन बोलतेय. आवाज जरा खरखरतो, मनावर घेऊ नका. पोटात अजून नदीची वाळू आहे.

दुकानाच्या काचेत मी बरेच दिवस नुसती मिरवले. मग काकू मला नदीकाठच्या गल्लीत घेऊन आल्या. त्यांची शिवण सरळ आणि तोंड तिखट. सासरे आप्पा, जुने नावाडी, दोरा ओवता आला नाही की माझ्या सुईला बोल लावायचे. सून-सासऱ्यांची रोज कुरबुर, पण एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नसे.

भिंतीवर कोळशाची एक रेघ होती. आप्पांच्या तरुणपणी महापूर तिथवर चढला होता. गल्लीतल्या सगळ्यांचा त्या रेघेवर भरवसा. पाणी वाढायला लागलं की धान्याचे डबे, कपडे, सगळं रेघेच्या वर जायचं. मलाही काकू उचलून वरच्या फळीवर ठेवायच्या आणि निर्धास्त व्हायच्या.

नदीला मात्र ती रेघ कुणी दाखवली नव्हती. आता पाऊस पूर्वीसारखा रिपरिपत नाही, डोंगरात एकदम ओततो. तिथली झाडं गेली, माती वाहून आली, पात्र गाळाने भरलं.

त्या दुपारी पुराचा भोंगा वाजला. शेजारी निघाले, पण आप्पा खाटेवरून हलेनात. "रेघ ओलांडेल? माझी हयात गेली या नदीवर!" काकूंनी त्यांचं ऐकलं. मला फळीवर ठेवलं आणि थांबल्या.

बघता बघता रेघ बुडाली. छातीभर पाण्यात काकू मला माळ्यावर चढवायला धडपडू लागल्या. आप्पा शिडीवरून ओरडले, "सोड तिला! चुकलं माझं पोरी, सोड!" काकू कसल्या ऐकतात! शेवटी आप्पांनी खाली वाकून त्यांच्या हातावर फटका मारला आणि मी निसटले. दोघांना होडीवाल्यांनी छपरावरून काढलं, हे मला फार नंतर कळलं.

पाणी ओसरल्यावर काकूंनी मला चिखलातून उपसलं. मांडीवर घेऊन रॉकेलने पुसलं आणि ढसाढसा रडल्या. मिस्त्री म्हणाला, "भंगारात द्या." त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

आता गल्ली भोंग्यासाठी थांबत नाही. डोंगराकडच्या गावांतून पाऊस कोसळल्याचा फोन आला की सगळे टेकडीवरच्या शाळेत जातात. काकू माझ्यावरच जाड कापडाची जाकिटं शिवतात. खिशांत घट्ट बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या, म्हणजे माणूस तरंगतो. माप देताना आप्पा म्हणाले, "जन्मभर पोहलो, आता म्हातारपणी बाटलीच्या नादी लावतेस होय!"

काल काकूंनी एक विचित्रच जाकीट शिवलं. ना गळा, ना बाह्या, पट्टे मात्र दुप्पट. शेजारणीने विचारलं, "हे हो कुणाचं?"

काकूंनी माझ्यावर हात ठेवला. "हिचं."

शेजारीण हसली. आप्पा हसले नाहीत.

काकू, तुमची माया मला कळते. पण ते जाकीट उसवा. तेवढ्या कापडात दोन लेकरांची होतील. मला ते घालायचं म्हणून सगळे गेल्यावरही तुम्ही घरात राहाल, एकेक पट्टा आवळत बसाल. नको. आजच उसवा, लेकरांची शिवायला मी देते साथ.