मामंजींची शिफारस

एकावन्न सालच्या दिवाळीनंतर ह्यांची निवड झाली. हे मुंबईच्या विधानसभेत लघुलेखक होते. सभासद बोलतील ते जसंच्या तसं टिपायचं, हे काम. लंडनच्या पार्लमेंटातला एक कर्मचारी आपल्याकडचं कामकाज बघायला येणार होता आणि त्याच्या बदल्यात इथल्या एकानं तिकडे शिकायला जायचं होतं. आनंद झाल्याचं हे काही बोलले नाहीत. भात मात्र पुन्हा मागून घेतला, त्यावरून मी ओळखलं.

बातमी पसरवली शेजारच्या व्हॅलेरियननं. पानवेलींना पाणी घालता घालता तो कुंपणावरून ओरडला, "रामचंद्रकाका, तुमचा पोरगा आता लंडनच्या राजाला कायदे शिकवणार म्हणे! आमच्या बांधाचं पण घाला म्हणावं त्याच्या कानावर!"

मामंजींना ती थट्टा वाटली नाही. खाडीचा बांध फुटल्यापासून खारं पाणी वाडीत शिरत होतं, केळी माना टाकत होत्या. त्यांनी देवळापुढे मांडव घालून लेकाचा सत्कार ठरवला.

"बाबा, मी तिथे बोलत नाही हो. नुसतं लिहितो."

"अरे, लिहिणाराच मोठा. तलाठी कधी भाषण करतो का?"

हार घालायला आले जगन्नाथशेट. ते निवडणुकीला उभे होते. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा आपला माणूस आत बसलेलाच आहे. मला पाठवा, दोघं मिळून बांध बांधून घेतो!" टाळ्या पडल्या. हे खाली मान घालून बसून राहिले. बापानं घातलेल्या मांडवातून उठून जायचं तरी कसं?

पण सभागृहाच्या नोकरानं कुठल्याही पक्षाच्या माणसाशेजारी असं बसायचं नसतं. वर्तमानपत्रात फोटो आला आणि सचिवसाहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं. साहेब माणूस चांगला. म्हणाले, "तुम्ही तिथल्या तिथे हरकत घेतली होती, एवढं लिहून द्या. मी निभावून नेतो."

घरी आल्यावर हे मला म्हणाले, "मी हरकत घेतली नव्हती."

"मग झालं तेच लिहा."

ह्यांनी तेच लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि विचार करून सांगतो म्हणाले. देवापुढे मागणं मांडायचं नाही, हा माझा नेम. त्या सोमवारी तो मोडला. उपास धरून निर्मळच्या महादेवाला गेले आणि ह्यांचं जाणं मागून घेतलं.

मामंजींना हे सगळं कळलं तेव्हा त्यांचं जेवण तुटलं. "माझ्यापायी पोराचं अडलं गं," एवढंच म्हणत ओटीवर बसून राहायचे. मग एका सकाळी लग्नाकार्यातला कोट घालून कुठेसे निघून गेले.

संध्याकाळी हे आधी आले. विहिरीपाशी मला हळूच म्हणाले, "साहेब माझ्या बाजूनं लिहिणार होते. दुपारी बाबा जगन्नाथशेटना घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मुलगा आमचाच आहे, सांभाळून घ्या, असं शेट म्हणाले. आता काय राहिलं? दुसऱ्याचं नाव गेलं."

मी कळशी वर ओढून काठावर ठेवली.

"बाबांना कळू द्यायचं नाही," हे म्हणाले.

दिवेलागणीला मामंजी आले. हातात मिठाईचा पुडा, कितीतरी दिवसांनी तोंडावर हसू. "तुझ्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा पाजला. शेटच्या शब्दाला केवढं वजन! काय रे, झालं ना काम?"

"तिकडूनच बोलावणं लांबलंय, बाबा. यंदा कुणीच जाणार नाही."

आयुष्यभर लोकांचा शब्द न बदलणारा माणूस हे अगदी सहज बोलून गेला. मी पानं मांडत होते. वर बघवलं नाही.

मामंजी जरासे हिरमुसले. मग पाटावर बसत म्हणाले, "हरकत नाही. पुढच्या खेपेला शेटना आपण आधीच नेऊ."

ह्यांनी "हं" म्हटलं आणि भात कालवू लागले. कालवतच राहिले.