डेन्मार्क मीही पाहिले

आमच्या जिल्ह्यातल्या दूध डेअऱ्यांच्या संचालकांना त्र्याऐंशी साली डेन्मार्कच्या अभ्यासदौऱ्यावर नेले, त्यांत मी एकटी बाई. लोहाऱ्याजवळच्या आमच्या डेअरीत सर्वाधिक दूध माझ्या गोठ्यातून जाई. मला वगळण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. चेअरमन हिंमतराव एवढेच म्हणाले, "काकू, तिकडं थंडी लई. तुमच्याऐवजी बलभीमला धाडा की."

"माझ्या लेकाला म्हशीच्या कोणत्या बाजूला बसायचं ते तरी ठाऊक हाय का?" असे विचारून मी नऊवारीखाली लोकरी मोजे चढवले.

तिकडे गोठ्याची फरशी धुण्यासाठी नळीने पाणी सोडून देत. आमच्याकडे टँकरभोवती घागरी आपटत होत्या. मला हेवा वाटला नाही, राग आला. मात्र एका गावी त्यांच्या डेअरीची सभा भरली होती, ती मी खिळून पाहिली. ठरावावर हात वर झाले आणि एकेक हात मोजला गेला. पुढच्या बाकावर एक म्हातारा होता, बुटांना शेण लागलेले. त्याच्या तीन गाई, शेजारच्याच्या दीडशे.

"यांची मतं किती?" मी दुभाष्याला विचारले.

"प्रत्येकाचं एकच."

"दूध थोडं म्हणून म्हाताऱ्याला कोणी काढत न्हाय?"

दुभाष्याने विचारले. म्हातारा हसला. डेअरी काढणाऱ्यांत त्याचा आजा होता; काढायचेच झाले तर तोच इतरांना काढील, म्हणाला.

हिंमतराव त्या वेळी बाहेर गाईंचे फोटो काढत होते.

परत आल्यावर डेअरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा झाली. हिंमतरावांनी ठराव मांडला, "पाच लिटरच्या आत दूध घालणारे सभासद कमी करायचे. डेन्मार्कात असंच हाय."

दुष्काळाने जनावरे आटली होती. बौद्ध वस्तीतल्या चांगुणाचे घर एका म्हशीवर चाले. ती उठली. "म्हशीनं दूध चोरलं, तर नाव माझं कापता व्हय?"

"परदेशातली पद्धत हाय ती, चांगुणा."

"तसली पद्धत तिथं न्हाय," मी म्हणाले. "मी सभेत बसले होते."

"काकू, तुम्हाला विंग्रजी कुठं कळतं?"

"वर झालेला हात कळतो. तुम्हीही हात मोजा."

आमच्याकडे हात मोजण्याची रीतच नव्हती. चेअरमन 'मंजूर' म्हणत, पुढच्या सतरंजीवरून टाळ्या पडत. त्या दिवशीही पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझे कॅन घेऊन डेअरीवर गेले आणि रांगेत चांगुणाच्या मागे उभी राहिले. मोठ्या घरांचे दूध आधी मापण्याचा रिवाज. माप घेणाऱ्या मच्छिंद्रने सवयीने माझ्या कॅनला हात घातला.

"आधी तिचं."

"तिचं नाव कमी झालंय, काकू."

"मग माझंही दूध इथंच राहील."

शीतकेंद्राचा टेम्पो भोंगा वाजवू लागला; माझ्या कॅनांशिवाय तो अर्धा रिकामाच गेला असता. ऊन चढत होते. दूध नासायला वेळ लागला नसता. हिंमतराव धावत आले. "काकू, तुमचं नुकसान व्हईल. मच्छिंद्र, आजच्या दिवस घे तिचं."

"आजच्या दिवसाची भीक नको. ठराव पुन्हा मताला टाका. इथंच."

त्यांनी टेम्पोकडे पाहिले, मग रांगेकडे. "ठराव कोणाकोणाला नको?" ते पुटपुटले.

"मागं ऐकू गेलं न्हाय, हिंमतराव."

त्यांनी मोठ्याने विचारले. एका हातात लोटा, बरणी, किटली सावरत बायांनी दुसरा हात वर केला. मीही केला. हिंमतराव बोटाने मोजत रांगेच्या टोकापर्यंत गेले. सर्वाधिक दूध घालणारीचा हातही त्यांनी एकच धरला, आणि मच्छिंद्रने चांगुणाचा लोटा मापात रिता केला.