वारुळावरचा चेंडू

सम्मेद आणि मी सुट्टी मिळाली की गोल्फच्या काठ्या गाडीत टाकून कोल्हापुरातून निघतो. मला पुण्याचं मैदान आवडतं, त्याला उटीचं. गेल्या आठवड्यात उटीत त्याचा चेंडू मुंग्यांच्या वारुळावर बसला. त्यानं दंड म्हणून एक जादा फटका मोजून तो उचलला आणि माझ्याकडून एकाच फटक्यानं हरला.

माझं टाळकंच सरकलं. "आरं, मारायचा हुता की!"

"मुंग्या हायत."

काल माझ्या घरी टीव्हीवर मोठी स्पर्धा बघत होतो. तिथंही चेंडू वारुळावर! पण त्या खेळाडूनं माती उडवत असा फटका हाणला, की चेंडू थेट भोकाजवळ.

"बघ, ह्याला म्हणत्यात खेळाडू!" मी ओरडलो.

सम्मेद पडद्याजवळ सरकला.

"मुंग्यांचं काय झालं, त्ये दाखवत न्हाईत व्हय रं?"