संगीत विशेषांकातली बाई

केशोरावांनी कपाटातून मखमली फडक्यात बांधलेलं मासिक काढलं आणि आत लेकीचे दागिने असावेत अशा बेताने गाठ सोडली.

“‘शौकीन गृहस्थ’चा संगीत विशेषांक. लढाईच्या आधीचा. आता पैसे देऊन भी मिळत नाही.”

केशोराव गोंदियातले तांदळाचे व्यापारी. चैतराम आणि रुख्मा सकाळच्या गाडीने अर्जुनी मोरगावहून त्यांचं घर पाहायला आले होते. चैतरामची लेक शामकला केशोरावांच्या घनश्यामला पसंत होती. बोलणी होत आली होती, साखर तेवढी वाटायची राहिली होती. गाडीत चैतरामने बायकोला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, “दंडारीचा नाव काढू नको. शहरातले लोक आहेत. नाच्याची पोरगी म्हनतीन.”

दंडार म्हणजे झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ; त्यात बाईचं सोंग पुरुषच घेतो. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत चैतरामचं सोंग पाहायला गावंच्या गावं लोटायची. पण सोयरिकीच्या बाजारात त्या गळ्याला कवडीचा भाव नव्हता.

मासिक पुरुषांसाठी निघायचं. मिशी कशी राखावी, बंडीचा काप कसा असावा, वाघ कुठे गाठावा, असं सगळं त्यात असे. या अंकात मात्र सतारी होत्या, मोठमोठे उस्ताद होते. केशोरावांनी उस्तादांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंक मधल्या पानावर आपोआपच उघडला.

“ही पाहा, आपल्या झाडीतली. खाली छापलं आहे, ‘वनप्रांतातील अनामिक गायिका’. काय नूर आहे! किती मंडया पालथ्या घातल्या मी, पण या बाईचा पता नाही लागला.”

रुख्मा पुढे वाकली. चित्रातली बाई कानावर हात ठेवून, डोळे अर्धे मिटून गात होती. खांद्यावर पदराला चौकोनी ठिगळ होतं. चुलीतला निखारा उडून लुगडं जळालं तेव्हा रुख्मानेच ते लावलं होतं. लग्नातलं लुगडं होतं ते. गळ्यातली सरीही तिचीच होती. त्या वर्षी मंडईत कोणी पाहुणा तिकाटण्यावरचा कॅमेरा घेऊन आला होता. फोटो काढून तो निघून गेला. बाई कोण, हे त्याने विचारलं नाही आणि बाईच आहे का, अशी शंका त्याला आली नाही.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. चैतराम पाण्याच्या गडव्यात डोकावत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

“असन कोनी बाई,” तो पुटपुटला.

मंडईत बायांच्या गर्दीत उभी राहून रुख्मा त्याचं गाणं ऐकायची, तेव्हा तिचा ऊर भरून यायचा. तोच अभिमान आता उसळून आला. आपला माणूस छापून आला, तोही उस्तादांच्या मांडीला मांडी लावून, आणि इथे चोरासारखा बसला आहे! हे काही तिला सोसवेना.

“असन कोनी कायले?” ती म्हणाली. “लुगडा माजा होय. ठिगळ मी लावला. सरी बी माजी. आन् आतमधी हे आहेत.”

केशोरावांनी चित्र पाहिलं, चैतरामच्या मिशा पाहिल्या, पुन्हा चित्र पाहिलं. चैतरामने पागोटं उचललं.

“येतो आमी.”

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला आणि केशोरावांची बायको सुमित्राबाई पदराने डोळे पुसत बाहेर आली. ती हसून हसून बेजार झाली होती.

“अगं माय! किती साल झाले, या फडक्यातल्या सवतीच्या नावानं बोटं मोडून राहिली मी!”

केशोराव ओशाळले. रागवावं की हसावं, हे त्यांचं ठरेना. खाली पाहतच ते म्हणाले, “एखादं गाणं होऊन जाऊ द्या.”

चैतरामने रुख्माकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पागोटं बाजूला ठेवलं, चित्रातल्यासारखाच हात कानावर नेला आणि सूर लावला. दुकानातले हमाल पोती टाकून दाराशी आले. रस्त्यावरची एक बैलगाडी थांबली. रुख्मा कोणाकडे न पाहता ताठ बसून राहिली.

गाणं संपलं तेव्हा केशोरावांचे डोळे ओले होते. त्यांनी मासिक दोन्ही हातांनी चैतरामपुढे धरलं.

“तुमचं आहे. घरी घेऊन जा.”

रुख्माने ते हलकेच मागे सारलं.

“राहू द्या इथंच. शामकला येनार आहे ना. तिले तिचा बाप दिसत राहीन.”

सुमित्राबाई साखर आणायला आत गेली.