शिवांजलीच्या नवसाचा बोकड

मी बोकड बोलतोय. आणि मी अजून बोलतोय, हीच माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी आहे.

जात उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, आमच्या जातीचं तेच राहिलं. रंग कुळकुळीत काळा, कान लांब, खाली लोंबणारे. आमच्यात जुळी फार होतात. आम्हीही जुळे. भाऊ आधी बाहेर आला, मी त्याच्या मागून. तेवढ्या ढकलाढकलीवर तो जन्मभर थोरला म्हणून मिरवला. बाभळीच्या शेंगा आधी त्याला, ऊन पडलेली जागा आधी त्याला. मी त्याच्या अंगावरून उड्या मारायचो, तो मला ढुशी द्यायचा. एकमेकांना टेकल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही, हे मात्र आम्ही कुणाला कळू दिलं नाही.

घर तामलवाडीचं. सत्यभामा ही मालकीण. तिचा नवरा पोरं लहान असतानाच गेला, म्हणून घरात शब्द चालतो तो थोरले दीर बब्रुवान यांचा. पोरं दोन. शिवांजली तुळजापूरला कॉलेजात जायची. धाकटा रणधीर नववीतून शाळेला रामराम ठोकून फाट्यावरच्या गॅरेजात लागलेला. आमची नावं शिवांजलीनं ठेवली. भाऊ ऐटीत चालायचा म्हणून तो चेअरमन. मी कुणाच्याही अंगणात न विचारता शिरायचो म्हणून मी सरपंच. खऱ्या सरपंचांनी थोडे दिवस तोंड फुगवलं, मग तेही मला नावानं हाक मारू लागले.

मग शिवांजलीच्या हातापायांवर काळेनिळे डाग उठले, ताप हटेना, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. सोलापुरात निदान झालं, रक्ताचा कॅन्सर. तिथून तिला पुण्याला नेलं. त्याच दिवशी सत्यभामा गावाबाहेरच्या लक्ष्मीआईपुढं बसली आणि बोलली, पोरगी घरला आली तर एक बोकड, बरी झाली तर दुसरा.

आम्हाला कुणी विचारलं नाही. पण आमचा भाव एकदम वाढला. शिंगांना तेल, खायला मक्याची भरड. पूर्वी काठी घेऊन धावणाऱ्या शेजारच्या सिताबाईनं आपल्या वाफ्यातली कोथिंबीर मला खाऊ दिली आणि वर हात जोडले. चेअरमन मला म्हणाला, बघ, माणसं सुधारली.

शिवांजली घरी आली. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, डोळे तेवढे तिचेच. आणि आल्या मंगळवारी चेअरमनला नेलं. रीत अशी की देवीपुढं बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं घेतला. चेअरमनला पाणी पहिल्यापासून सोसायचं नाही. त्यानं लगेच झाडलं. हलगी वाजत होती. मी मागं बांधलेला होतो. मधे माणसं होती, म्हणून पुढचं मला दिसलं नाही. अजूनही झोपताना मी त्याच्यापुरती जागा सोडून झोपतो. एवढंच. याहून जास्त मला सांगता येत नाही.

शिवांजलीनं दोनदा विचारलं, चेअरमन कुठाय? मग घरात रश्श्याचा वास सुटला आणि तिला कळलं.

ती घरी आली होती ती अंगात थोडी ताकद भरायला. पुढं तिच्या हाडांत दुसऱ्याचा मगज घालायचा होता. तोवर तिला ताप येता कामा नये. आला तर सगळं पुढं जाईल, कदाचित हातचंच जाईल. डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दी नको, कच्चं नको, जनावर नको. सत्यभामानं हे असं मनावर घेतलं की घरात जे दिसेल ते उकळू लागली. भांडी उकळली, चादरी उकळल्या, एकदा रणधीरच्या मोबाइलचा चार्जर उकळला. बब्रुवाननी अंगणात आडवा दोर बांधला. आजाऱ्याला भेटायला जायचंच, ही गावाची सवय काही सुटत नाही. बाया केळी घेऊन येत, दोराबाहेर रांगेत उभ्या राहत आणि तिथूनच ओरडून चौकशी करत. सिताबाईचा आवाज तर हायवेपर्यंत जायचा. बया, लई वाळलीस गं!

जनावर नको म्हणजे मीही नको. मग मी खिडकीखालच्या दगडांवर पुढचे पाय टेकून उभा राहायचो. मधे काच. आतून ती काचेवर बोट फिरवायची, बाहेरून मी बोटामागं नाक फिरवायचो. काच माझ्या शेंबडानं भरली की सत्यभामा फडकं घेऊन धावायची.

रणधीरचं रक्त बहिणीशी जुळलं, असा निरोप पुण्याहून आला आणि तो गॅरेजमधून पाना हातात घेऊनच पळत सुटला. दिसेल त्याला सांगे, जुळलं, आमचं जुळलं. संध्याकाळी दोघे पाहुणे मुलगी कुठली म्हणून विचारायला आले. तेव्हापासून सत्यभामा त्यालाही उकळलेलं पाणी देऊ लागली आणि तो छाती फुगवून फिरू लागला. कुणी मोटारसायकलवर बस म्हणालं तर म्हणायचा, "हळू चालवा. माझ्या हाडात अक्काचा माल हाय."

मग डॉक्टर म्हणाले, रक्तात आता वाईट पेशी दिसत नाहीत, या तारखेला या. घरात साखर वाटली. बब्रुवान म्हणाले, रक्त साफ झालं म्हणजे पोरगी बरी झाली, आता एवढ्या मोठ्या कामाला जाताना देवीचं देणं मागं ठेवू नये. सगळ्यांच्या नजरा दोराखालून माझ्याकडं आल्या. मी तेव्हा केळीची साल खात होतो. ती गिळायचीही राहून गेली.

त्या दिवसापासून शिवांजलीनं एकच धरलं. बरं वाटतंय का? न्हाय. दीड भाकरी खाल्ली, बरं वाटतंय का? न्हाय. आत गाणं गुणगुणायची, कुणी दार उघडलं की कण्हायची. सत्यभामाची झोप उडाली. मला सगळं कळत होतं. मी काचेला नाक लावून तिला धन्यवाद देत होतो.

मंगळवार उजाडला. हलगीवाला आला, बब्रुवाननी माझा दोर सोडला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"माय, मला कणकण वाटायलीय."

झालं. घराला वारं लागलं. रणधीरनं शेजारची जीप अंगणात घातली, आडवा दोर तोडूनच. सत्यभामा पिशवी भरता भरता काय भरतेय ते विसरली आणि त्यात लाटणं गेलं. बब्रुवानच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात माझा दोर. गडबडीत त्यांनी दोन्ही जीपमध्ये कोंबलं. मी मागच्या सीटवर चढून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसलो होतो, फार छान वाटलं. सोलापूरला मीच निघालो होतो म्हणा ना.

सत्यभामानं थर्मामीटर लावून ताप पाहिला. नव्हता. झटकून पुन्हा पाहिला. नव्हता. काटाच बिघडला म्हणून ती रडू लागली, तेव्हा शिवांजलीनं मास्क नीट केला आणि म्हणाली, "माय, ताप न्हाय. मी खोटं बोलले. सरपंचाला कापू नका. एक गेला तेवढं बास."

सत्यभामा उंबऱ्यावर बसली. "तू न्हाय म्हनतीस तवा मला रातभर डोळा लागत न्हाय. आन् तू ह्या बोकडापायी म्हनतीस व्हय?"

"व्हय."

हसू आधी सत्यभामाला आलं. पण हसता हसता ते वाकडं झालं. ती म्हणाली, बोललेलं फिरवलं आणि पुढं काही झालं तर मी कुणाकडं बघू? बब्रुवाननी निकाल दिला, देवीलाच विचारू.

लक्ष्मीआईपुढं थंडी होती. मी ठरवलं होतं, दगड व्हायचं. तांब्याभर पाणी मानेवर पडलं, पाठीवरून पोटाखाली गेलं, कानात शिरलं. कानात पाणी गेलेल्या बोकडाचं दुःख तुम्हाला कसं सांगू? तरी हललो नाही. हलगी थांबली. माणसं कुजबुजू लागली. मला वाटलं, जिंकलो.

आणि मी सत्यभामाकडं पाहिलं. तिनं पदर दातांत धरला होता. तिला मी दिसतच नव्हतो. देवी बोकड घेत नाही म्हणजे पोरगी देत नाही, असंच तिच्या मनानं घेतलं होतं. पांढरी पडली होती ती.

मग मी झाडलं. शिंगांपासून शेपटीपर्यंत झाडलं. बब्रुवानच्या धोतरावर, हलगीवर, देवीच्या शेंदरावर, सगळीकडं पाणी उडवलं. सत्यभामाच्या दातांतून पदर सुटला. तिनं श्वास घेतला. बब्रुवान म्हणाले, घेतला देवीनं.

तेवढ्यात रणधीर माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसला. "आबा, माझ्यावर बी वता."

बब्रुवान म्हणाले, येडा हायस का? रणधीरनं वाट पाहिली नाही. भरलेली कळशी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर पालथी केली. असा कुडकुडला की दातांचा आवाज मला ऐकू आला.

"झाडलं का न्हाय म्या? घेतला मला देवीनं. ह्याला कापून अक्काला काय मिळनार? माझ्या हाडातलं तिच्या अंगात जानार हाय. तेच ठेवा हितं."

सत्यभामानं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "सर्दी झाली म्हंजी? तारीख जाईल की रे, मुडद्या!" मग पदर सोडून त्याचं डोकं पुसू लागली. केस उपटतील एवढ्या जोरात पुसत होती, शिव्या देत होती, रडत होती. सुरी धरून अवघडलेल्या बब्रुवाननी विचारलं, आन् बोकडाचं?

"सोडा त्याला," ती मान वर न करता म्हणाली. "देवीनं माझं पोरगं बघितलंय. आता आनखी काय बघायचं ऱ्हायलंय."

बब्रुवाननी माझ्या कानाचं टोक छाटलं, त्यातला एक थेंब देवीला लावला आणि दोर काढून घेतला. कान दुखला. मी घरापर्यंत उड्या मारत गेलो. रणधीर नंतर एकदाच शिंकला, तर त्याला तीन जणांनी धरून वाफ दिली.

आता ते सगळे पुण्यात आहेत. घरात बब्रुवान आणि मी. फोन वाजला की ते अंगणात येऊन मोठ्यानं बोलतात, मी जवळ जाऊन ऐकतो. तिच्या अंगात त्याचं सोडलंय, रुजायला वेळ लागतो, असं परवा म्हणाले. रुजलं का, हे अजून कुणी सांगितलं नाही.

माझ्या गळ्यात दोर नाही, त्यामुळे मी दिवसभर फाट्यावर असतो. कुठलीही जीप दिसली की रस्त्याच्या मधे उभा राहतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतात, माझ्या आईवरून बोलतात. तुम्ही कधी या रस्त्यानं आलात आणि कान छाटलेला काळा बोकड गाडीपुढं आला, तर शिव्या जरूर द्या. पण आधी काचा खाली करा आणि आत कोण कोण आहे ते मला बघू द्या. ती दोघं नसतील, तर मी लगेच बाजूला होतो.