भाव सांगितल्यावर

गल्लीत सगळेच तिला वहिनी म्हणायचे, म्हणून आपणही म्हणू. फ्रेमा करणं हा वहिनीचा धंदा आणि हातात कसब असं, की चार पट्ट्या कापून जोडल्या तर कोपऱ्यात केस शिरेल एवढी फट सापडायची नाही. पदवीचं सर्टिफिकेट असो की आजोबांचं जुनं पदक, वहिनीने फ्रेम केली की वस्तूला रुबाब यायचा.

पण भाव सांगायची वेळ आली की हीच बाई गळपटायची. "हजार होतील," म्हणायची. समोरचा गप्प. अहो, गिऱ्हाईक म्हटल्यावर क्षणभर गप्प राहणारच, त्याला घरची भिंत आठवते, खिसा आठवतो. पण तो क्षण वहिनीला सोसायचा नाही. "नऊशे द्या हो." तरी गप्प. "बरं, आठशे. तुम्ही काय परके आहात का?" गिऱ्हाईकाने तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं! स्वतःशीच घासाघीस करून स्वतःच हरणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

मग लाकूड क्रेडिट कार्डावर, काच क्रेडिट कार्डावर. महिनाअखेर कमीत कमी जेवढं चालेल तेवढं भरायचं आणि बाकीवर व्याज चढत राहायचं. त्यात कोपरे कापायचं नवं मशीन बँकेच्या कर्जावर घेतलेलं. त्या कर्जाला जामीन राहिली होती तिची धाकटी नणंद, ती नर्स होती.

ही नणंद मंगळवारी भर दुपारी ड्युटीवरून थेट दुकानात आली. हातात बँकेचं पत्र.

"वहिनी, तीन हप्ते थकलेत? शनिवारपर्यंत भरले नाहीत तर माझ्या पगारातून कापणार म्हणे! गेल्याच महिन्यात मी स्वतःची खोली भाड्याने घेतलीय. ते भाडं काय सुया विकून भरू?"

"मला कुठे काय कळवलंय गं बँकेने?"

"जामिनाला पत्र येतं आणि कर्ज घेणारीला येत नाही?"

वहिनीने भिंतीवरच्या डोंगराच्या चित्राकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण नर्सच ती, पेशंट कुठलं दुखणं लपवतोय हे तिला नजरेवरून कळायचं. तिने चित्र खाली काढून पालथं केलं. मागचा खाकी कागद जरा जास्तच फुगला होता. टरकन फाडला, तर आतून बँकेची सात पाकिटं निघाली, एकही न उघडलेलं. पाकीट आलं की वहिनी ते उघडायला धजायची नाही. मग ते फ्रेमेत सारायचं, मागून खिळे ठोकायचे आणि वर नवा कागद चिकटवायचा. तेही काय सफाईने!

"दिसेनासं केलं की रात्री झोप तरी लागायची," वहिनी म्हणाली आणि स्टुलावर बसून रडायला लागली. या पोरीने एक शब्द न विचारता सही केली होती, त्याची तिला फार लाज वाटली.

"रड नंतर. पैसे कुठून आणायचे ते बोल."

ती बोलणार तेवढ्यात दारात एक मोठ्या हॉटेलचा मॅनेजर उभा. वहिनीने डोळे पुसले आणि त्याला लगेच ओळखलं. वर्षापूर्वी हाच चाळीस फ्रेमांचा भाव विचारून गेला होता, तो परत फिरकलाच नाही. महाग वाटलं असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं आणि तेव्हापासून ती भाव आणखीच पाडत गेली होती.

"दाताच्या डॉक्टरांकडे तुमच्या फ्रेमा बघितल्या," मॅनेजर म्हणाला. "आमच्या साठ खोल्यांत एकेक फोटो लावायचाय. नमुना दाखवा."

तिने दाखवला. त्याने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "एकीचे किती?"

"बाराशे," वहिनी म्हणाली. तो रास्त भाव होता.

मॅनेजर गप्प. वहिनीच्या ओठांवर अकराशे येऊन उभे राहिले. नणंदेने काउंटरखालून तिचं मनगट धरलं आणि करकचून आवळलं. मॅनेजरने फ्रेम उलटी केली, पाठ बघितली, पुन्हा सुलटी केली. हजार, नऊशे, फुकट न्या बाबा एकदाच्या, सगळं वहिनीच्या जिभेवर जमा झालं होतं. तिने तोंड उघडलं नाही. एवढं कष्टाचं काम तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"ठीक आहे," मॅनेजर म्हणाला. "करा साठ."

"निम्मे आधी लागतील," वहिनी म्हणाली.

"उद्या सकाळी पाठवतो."

तीन हप्ते भरून वर उरतील एवढे होते ते. नणंदेने मनगट सोडलं आणि मोठ्याने श्वास टाकला. मॅनेजर दारापर्यंत गेला आणि थांबला.

"एक विचारू? गेल्या वर्षी मी मनातल्या मनात भिंती मोजत होतो, तेवढ्यात तुम्ही तीनदा भाव उतरवलात. म्हटलं, मालात काहीतरी खोट असणार. मग दुसरीकडे दिलं काम, दीडपट भावात. सहा महिन्यांत त्याचे सगळे कोपरे उघडले."

"दीडपट?" वहिनी म्हणाली.

"दीडपट," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

वहिनीला हसावं की रडावं कळेना. ज्याच्या धास्तीने तिने वर्षभर सगळ्या गल्लीला स्वस्तात फ्रेमा दिल्या, तो माणूस तेव्हाही जास्त पैसे द्यायला तयार होता.