जंगलाच्या फिल्ममधला धोंडबा

वन्यजीव सप्ताहात चंद्रभानने नागपूरच्या सदर भागातल्या सभागृहात एकच फिल्म अठरा वेळा चालवली. पेंचच्या जंगलात एकवीस दिवस पायी भटकलेल्या मुंबईच्या धाडसी मंडळींची फिल्म. ऑक्टोबरचं ऊन, प्रोजेक्टरची धग, शाळेच्या पोरांचा गलका. प्रोजेक्टर वाहून फिल्म दाखवायच्या एकोणीस वर्षांच्या या नोकरीत त्याची कंबर कामातून गेली होती, आणि पडद्याकडे बघणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. वाघ कुठं येतो, नदी कुठं लागते, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं.

शनिवारी दुपारचा शेवटचा खेळ संपला. पोरं गेली. मधल्या रांगेत एक बाई मात्र तशीच बसून होती.

"बाई, खतम झाला सिनेमा. चाला आता."

"भाऊ, एकडाव अजून दाखवता काय? माहा मालक हाये त्याच्यात."

देवलापारकडची गोपिका ती. तिचा नवरा धोंडबा त्या मंडळींचं सामान वाहायला गेला होता. दोन वर्षांमागे तापाने वारला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. गावच्या मास्तरांनी नागपुरात ही फिल्म पाहिली आणि तिला सांगितलं. पहाटेच्या एसटीने ती आली. पण नेमका धोंडबा आला तेव्हा पुढची पोरं उठून उभी राहिली.

चंद्रभानला नाही म्हणायचं होतं. संध्याकाळच्या गाडीने रिळं मुंबईला जायची होती, पेटी बांधायची होती. पाठीला हात लावून तो क्षणभर उभा राहिला.

"कुठं येते तो?"

"नाल्यापाशी."

त्याने रीळ परत चढवलं. नाल्यातून पाच हमाल ओळीने आले. शेवटचा धोंडबा, डोक्यावर लोखंडी पेटी. काठावर त्याने ती उतरवली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि हसला. दहा सेकंदही नाहीत.

"थांबवता येत नाही काय त्याले?"

"थांबवलं तं बल्बच्या गर्मीनं फिल्म जळते."

"जळन? मंग नोका थांबवू, भाऊ."

तेवढाच तुकडा त्याने पुन्हा दाखवला, पुन्हा दाखवला. चौथ्या वेळी गोपिका उठून पडद्याजवळ गेली.

"लंगडून राहिला तो."

चंद्रभानने पहिल्यांदाच नीट पाहिलं. डाव्या पायाला चिंधी बांधलेली, आणि पाऊल टेकलं की त्या बाजूचा खांदा खाली जायचा. अठरा खेळांत त्याला हे दिसलं नव्हतं.

"घरी आला तं म्हणे, लय मजा आली, बिस्किटं भेटली," ती म्हणाली. "पायाचं काहून नाही सांगतलं मले?"

तो खाली येऊन तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला.

"मीबी कंबरेचं घरी सांगत नाही, बाई," तो म्हणाला.

मग तो उठला. फिल्मची पट्टी खिडकीच्या उजेडात धरून त्याने तिला जवळ बोलावलं. नखाएवढाली चित्रं, एकाखाली एक.

"हासते तो देऊ?"

"नोको. हासता धोंडबा मले पाठ हाये. हा द्या, पेटी घेतलेला."

त्याने कात्रीने चार चित्रं कापली आणि फिल्मची टोकं चिकटवून टाकली. पुठ्ठ्याच्या तुकड्यात ठेवलेली ती चित्रं गोपिकाने पदराच्या गाठीत बांधली. "येतो, भाऊ," म्हणाली आणि रामटेकच्या बसकडे निघाली.

रिळांसोबतच्या कागदावर चंद्रभानने लिहिलं : चालवताना तुटली, जोडली. डिसेंबरात मुंबईहून खुलासा मागणारं पत्र आलं. त्याने तेच वाक्य परत लिहून पाठवलं. पंधरा दिवसांनी ताकीद आली, यापुढे काळजी घ्यावी म्हणून. ती वाचून त्याने घडी घातली, प्रोजेक्टर उचलून टांग्यात ठेवला आणि एका हाताने कंबर धरून कामठीच्या शाळेकडे निघाला. तिथं दोन वाजताचा खेळ होता.